ठिणगीची एकतीस मतं

पिएवे, ७ ऑक्टोबर

प्रिय व्हिंदिचे,

फेकू नकोस. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे तसंच न फोडता शेगडीत घालणार, मला ठाऊक आहे. पण आता उघडलंच आहेस तर एक ओळ वाच आणि मग घाल: आपली वेलिया मंत्री होणार आहे!

मंत्री! रोममध्ये! आपल्या आजोबांच्या लोहारखान्यात भात्यावर बसून पाय हलवणारी वेलिया! सरकार पडलं हे तू ऐकलंच असशील, तुझ्या चेरवियात पेपर येत असतीलच. आता नवा माणूस मंत्र्यांची यादी जुळवतोय आणि रोज सकाळी पेपरात नावं छापून येतात. शनिवारी वेलिया वाहतूक खात्यात होती. रविवारी कुठंच नव्हती, तेव्हा मी दिवसभर जेवलो नाही. काल ती यादीत परत आली, शेतीखात्यात, फोटोसकट! दुइलियो न्हाव्यानं तो पेपर आरशावर चिकटवलाय. आता गिऱ्हाइकाला स्वतःचा अर्धाच चेहरा दिसतो, पण तक्रार कुणाची नाही.

आणि ऐक, काल दूरचित्रवाणीची गाडी आली. छत्रीएवढा माइक घेतलेली एक पोरगी चौकात विचारत सुटली, "बार्गोस्सी कुटुंब कुठं राहतं हो?" बेकरीवाला म्हणाला, इथं बार्गोस्सी कुणी नाही. टपालवाला म्हणाला, पलीकडच्या गावात बघा. शेवटी म्हातारी झाइरा खिडकीतून ओरडली, "कोण? वेलियाकडं? अगं बाई, मग ठिणगीकडं म्हण ना! बार्गोस्सी काय बार्गोस्सी लावलंयस!" आजोबांच्या ऐरणीवरून पडलेलं ते नाव. शंभर वर्षं झाली तरी गावाला आपलं दुसरं नाव माहीत नाही. मी हसून हसून बाकावरच बसलो.

आणि मग एकदम तुझी आठवण झाली. का ते तुला माहीत आहे.

एकोणीस वर्षं झाली, व्हिंदिचे. तू या घराचा उंबरा चढला नाहीस, आणि वेलियानं तुझं नाव काढलं नाही. परवा फोनवर मात्र म्हणाली, "लेआर्को, झालंच खरं, तर शपथेला तिघांना आत सोडतात." मी विचारलं, तिघं कोण? तर म्हणाली, "तू, आत्याचा ओत्तोरिनो, आणि तिसरी खुर्ची असते एक." बस, एवढंच. पण साठ वर्षांचा झालो मी, बहिणीचा आवाज मला कळतो.

ये. म्हणजे विचार तरी कर.

तुझा धाकटा,
लेआर्को


पिएवे, १० ऑक्टोबर

प्रिय व्हिंदिचे,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मी काही थांबणार नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला फळा नाही, मुलं नाहीत, सगळं तुझ्यावरच काढतो.

आज पेपरात ती शेतीतून कामगार खात्यात गेली. ओत्तोरिनो हिरमुसला. त्याची गणितं कोंबड्यांवर चालतात, म्हणाला, "शेतीखातं मिळालं असतं तर अंड्यांचं काहीतरी बोललो असतो तिच्याशी." मी म्हटलं, अरे, कामगार खातंच हवं! बाबा असते तर नाचले असते. भट्टीपुढं चाळीस वर्षं काढलेला माणूस, आणि लेक कामगारमंत्री!

मला झोप लागत नाही आणि लागावी असंही वाटत नाही. सारखं तिचं सगळं आयुष्य डोळ्यांपुढून जातंय. पक्षाच्या उन्हाळी जत्रेत ती मोठ्या कढईतून कोंबडीच्या रश्श्यातल्या भरल्या कापेल्लेत्ती वाढायची, आठवतं? हातात झारा, तोंडानं भाषण. "काका, बैठकीला आलात तर दोन जास्त वाढीन." लोक यायचे. पुढे प्रांताच्या कचेरीत कालव्यांच्या तक्रारी लिहून घेणाऱ्या टेबलावर बसवलं तिला. दोन वर्षांत तिला प्रत्येक कालवा त्याच्या चिखलासकट पाठ. मग प्रांताच्या मंडळात, मग रोमला खासदार म्हणून तीनदा. गेल्या सरकारात उपमंत्री होती, तेव्हा फेर्रारातली एक कापडगिरणी बंद पडत होती. ही तिथल्या फाटकावर सहा दिवस बायकांबरोबर बसली. सहाव्या दिवशी मालक स्वतः कॉफी घेऊन आला, सही करायला. गिरणी आजही चालू आहे.

आणि हे सगळं सुरू झालं कशावरून? एका पराभवावरून. नगरपरिषदेच्या त्या निवडणुकीत नऊ मतांनी पडली नसती तर आजही पिएवेतल्या गटारांच्या बैठका घेत बसली असती. मी हे बाबांना एकदा म्हणालो होतो, तुझी बाजू घ्यायची म्हणून. त्यांनी पेला आपटला.

तू तेव्हा बरोबर होतास का चूक, यावर मी आजपर्यंत बोललो नाही. शाळेतल्या त्या मतदान केंद्राचा तू अध्यक्ष. मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव हातानं लिहायचं, आणि आपल्या गल्लीतल्या एकतीस जणांनी लिहिलं फक्त "ठिणगी." आता पक्षाच्या त्याच यादीत ओत्तोरिनोही होता, जागा भरायला घेतलेला. तोही आपल्याच घरात वाढलेला, म्हणून गावाच्या लेखी तोही ठिणगीच. तू म्हणालास, "कोणती ठिणगी? हेतू स्पष्ट नाही." एकतीसही बाद! सख्ख्या बहिणीची! ओत्तोरिनो स्वतः ओरडत होता, "अरे, मला माझी बायकोसुद्धा मत देत नाही!" तू ऐकलं नाहीस.

वेलियाच्या नावापुढं "ऊर्फ ठिणगी" अशी नोंद असती तर ती मतं तिचीच झाली असती. ती नगरपालिकेतल्या कारकुनाकडून गळली, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण तुला थोडं वाकता आलं असतं, एवढंच बाबांचं म्हणणं होतं. त्यांनी तुझं ताट टेबलावरून उचलायला सांगितलं, तेव्हा ते रागात होते.

मला वाटतं, मी आज जास्त लिहिलं.

लेआर्को


पिएवे, १४ ऑक्टोबर, दुपार

व्हिंदिचे!

झालं! झालं! झालं!

आत्ता, एका वाजता! सगळं गाव कॅफेत. पडद्यावर तो माणूस कागद काढून नावं वाचायला लागला. परराष्ट्र, गृह, न्याय... प्रत्येक नावाला दुइलियो म्हणतोय, "ही नाही, ही नाही." झाइरा त्याला म्हणतेय, "गप रे मेल्या, कळतंय आम्हाला!" आणि मग: "कामगार खातं, बार्गोस्सी, वेलिया."

क्षणभर कुणीच ओरडलं नाही! खरंच सांगतो, त्यांना कळलंच नाही! मग ओत्तोरिनो खुर्चीवर चढला आणि बोंबलला, "अरे ठिणगी! आपली ठिणगी!" तेव्हा कुठं छप्पर उडालं. टपालवाल्यानं माझं चुंबन घेतलं. कॅफेवाल्यानं सान्जोवेसे वाइनच्या बाटल्या फोडल्या. पाद्रीबुवा, जे बाबांशी तीस वर्षं भांडले, त्यांनी जाऊन घंटा वाजवली, आणि वर म्हणाले, "दुपारची प्रार्थना आहे, गैरसमज नको." दुपारची प्रार्थना बाराला असते!

तिचा फोन आला. पलीकडं नुसता गोंगाट. म्हणाली, "लेआर्को, उद्या साडेअकराला शपथ. आत सोडणाऱ्यांची नावं आज संध्याकाळपर्यंत द्यायची आहेत." मी म्हटलं, तिसरं? ती म्हणाली, "तू ठरव. मी विचारणार नाही. विचारलं आणि तो आला नाही, तर मला उद्या उभं राहता येणार नाही."

मी तुझं नाव दिलंय. तुला न विचारता. आणि आता जे लिहितोय तेही कुणाला न विचारता लिहितोय.

ती नोंद कारकुनानं गाळली नाही. उमेदवारीचा अर्ज मी भरला होता, माझं अक्षर चांगलं म्हणून. "ऊर्फ" या रकान्यात लिहायचं मी विसरलो. आपल्याला सगळे ठिणगीच म्हणतात, ते वेगळं काय लिहायचं, असं झालं असेल, आणि राहून गेलं. मतमोजणीनंतर बाबांनी विचारलं, "तू लिहिलं होतंस ना?" मी म्हणालो, हो. मी घाबरलो. मग ते सगळं तुझ्यावर गेलं, आणि मी जाऊ दिलं. त्या बिचाऱ्या कारकुनाला गावानं वर्षभर नीट नमस्कारही केला नाही, तेही मी जाऊ दिलं.

बाबांना पुरलं त्या दिवशी तू स्मशानाच्या फाटकाबाहेर, सायप्रसखाली उभा होतास. मी तुला पाहिलं होतं. आत ये म्हणायला मी चार पावलं चाललो आणि परत फिरलो.

टपालानं हे पोचणार नाही म्हणून ओत्तोरिनो स्वतः अंड्यांच्या गाडीतून घेऊन येतोय. तो तुझ्या दारात उभा राहील. सकाळी सहाची गाडी आहे फाएन्झाहून. तू ये. मला शिव्या द्यायला का होईना, ये!

लेआर्को


पिएवे, १६ ऑक्टोबर

प्रिय व्हिंदिचे,

तू माझ्यासमोर होतास आणि मी एक शब्द धड बोलू शकलो नाही, म्हणून पुन्हा कागदच घेतला. चाळीस वर्षं मी मुलांना बोलायला शिकवलं म्हणे.

फाएन्झाच्या फलाटावर तू लग्नातला सूट घालून उभा होतास. मी पळत आलो, तर पहिलं वाक्य काय? "सहा दहाची आहे गाडी. सहाची नाही. चुकीची माहिती देत जाऊ नकोस." ओत्तोरिनो माझ्या कानात पुटपुटला, "चला, अध्यक्ष आले." रोमपर्यंत तू खिडकीतून बाहेर बघत राहिलास आणि ओत्तोरिनो तीन तास कोंबड्यांबद्दल बोलला. देव त्याचं भलं करो!

आणि तो महाल! केवढं ते झुंबर! दारावरचे ते उंच शिपाई, तलवारीवाले. त्यांतल्या एकाला ओत्तोरिनो हळूच म्हणाला, "बाळा, दुखत नाहीत का पाय?" आणि त्याची मिशी हलली, मी पाहिली!

वेलिया निळ्या कोटात. एकेक मंत्री पुढं जाऊन कार्डावरची शपथ वाचत होता. तिचं नाव आलं. ती चालत निघाली, आणि आपल्या रांगेकडं तिनं पाहिलं. तिसऱ्या खुर्चीकडं. व्हिंदिचे, तू बघितलंस ना? ती थांबली! देशाचे राष्ट्रपती समोर उभे आणि आपली बहीण मध्येच थांबली. मग गेली, आणि तिला कार्ड लागलं नाही, पाठ म्हणाली सगळं, जत्रेतल्यासारखं खणखणीत. "प्रजासत्ताकाशी एकनिष्ठ राहीन." तू डोळे पुसलेस. नाकारू नकोस, ओत्तोरिनोनंही पाहिलंय.

नंतर ती आली आणि तुझ्यापुढं उभी राहिली. मला वाटलं आता काहीतरी होणार. तू काय म्हणालास? "तिकडं वहीत सही केलीस ना, पूर्ण नाव लिहिलंस का?" ती हसली, रडली, दोन्ही एकदम, आणि तुझा टाय ओढून नीट केला. मग फोटोवाल्यांनी तिला ओढून नेलं.

आणि तू मला खांबाआड घेतलंस. खिशातून घडी काढून माझ्या हातात दिलीस. माझाच अर्ज! त्या अर्जाची झेरॉक्स, पिवळी पडलेली.

"मतमोजणीच्या दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेत जाऊन काढली," तू म्हणालास. "कारकून शपथेवर सांगत होता की त्यानं काही गाळलं नाही. म्हटलं, बघू."

"म्हणजे तुला पहिल्यापासून..."

"विसरलो, असं लिहिलंयस पत्रात." तू बोट ठेवलंस. "ऊर्फ"चा रकाना. "विसरलेला माणूस पट्टी घेऊन रेघ ओढत नाही, लेआर्को."

रेघ होतीच तिथं. सरळ, सुबक, माझ्या हातची.

मी विचारलं, मग बोलला का नाहीस इतकी वर्षं? आणि तू म्हणालास, "तू सांगशील म्हणून थांबलो." बस. घड्याळ बघितलंस आणि तीनच्या गाडीला निघून गेलास.

आता खरं सांगतो, पट्टीनं ओढल्यासारखं सरळ. तेव्हा मी लुगोच्या औषधवाल्याच्या मुलीमागं होतो. त्यांच्याकडं चांदीचे चमचे. गावभर भिंतींवर यादी लागणार आणि तिच्यावर छापलेलं "बार्गोस्सी वेलिया, ऊर्फ ठिणगी." मला लाज वाटली. लोहाराचं नाव, माझ्या बहिणीच्या नावापुढं, त्या मुलीच्या वडिलांना दिसणार! मी पट्टी घेतली आणि रेघ ओढली. त्या मुलीनं पुढं एका दंतवैद्याशी लग्न केलं. म्हणजे कशासाठी केलं मी हे, व्हिंदिचे? मला त्या रेघेची इतकी शरम वाटते की परवाच्या कबुलीतही मी ती लपवली.

मी वेलियाला सांगितलंय. त्याच दुपारी, जेवताना. फोटो झाले होते, ती भुकेनं पास्त्यावर तुटून पडली होती, माझ्या ताटातलंही उचलत होती. मी झेरॉक्स तिच्या ताटाशेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं, चमच्यांसकट. तिनं काटा खाली ठेवला. मला वाटलं होतं ओरडेल. तिनं एकच विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

मी म्हटलं, नाही.

"म्हणजे ते त्याच्यावर रागावूनच गेले."

हो, म्हटलं.

ती उठली, कोट घेतला, आणि गेली. बाहेर तिची गाडी उभी होती, पुढं झेंडा लावलेली. ओत्तोरिनोनं तिचा उरलेला पास्ता संपवला आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी शांत आहे असं समजू नकोस. मला भयंकर भीती वाटते. पण एक गंमत सांगू? रेघेचं ओझं उतरलंय, आणि काल मी जिने दोन दोन पायऱ्यांनी चढलो.

लेआर्को


पिएवे, ३१ ऑक्टोबर

प्रिय व्हिंदिचे,

तिचा फोन आला! पंधरा दिवसांनी!

मी "हॅलो" म्हणालो तर पलीकडून थेट भडिमार. "गाढवा! औषधवाल्याची पोरगी? ती? जिचे दात पुढं होते?" मी म्हटलं, म्हणूनच दंतवैद्य केला तिनं. तेव्हा तिचं ते हसू आलं, नाकातून येणारं. लगेच गंभीर झाली आणि म्हणाली, "मी तुला माफ केलेलं नाही, समजलं? दर रविवारी थोडं थोडं करीन. कापेल्लेत्ती तू करायच्या." केल्याच समज! मी लगेच तीन कोंबड्या सांगितल्यात ओत्तोरिनोला. त्या कारकुनाकडंही जाऊन आलो. त्यानं दार लावून घेतलं, उद्या पुन्हा जाईन.

मग म्हणाली, "मी व्हिंदिचेला पत्र लिहिलं होतं. मंत्रालयाच्या कागदावरचं माझं पहिलं पत्र." मला काहीच बोललेली नव्हती! त्यात म्हणे एवढंच लिहिलं होतं की २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, बाबांच्या थडग्यावर शेवंती घेऊन तिघं एकत्र जाऊ. आणि सही केली होती: ठिणगी. नुसतं ठिणगी. नाव नाही, आडनाव नाही, हुद्दा नाही.

"मुद्दाम केलं," ती म्हणाली. "म्हटलं, बघू, अजूनही बाद करतो का."

आणि तू ते पत्र परत पाठवलंस, व्हिंदिचे! कामगारमंत्र्यांचं पत्र, टपालानं परत! तिच्या सचिवाला वाटलं, कुणी वेड्यानं पाठवलंय, तो फेकणारच होता. मग त्याला खाली काहीतरी खरडलेलं दिसलं. मतदान केंद्रात असते ना, ती न पुसणारी जांभळी पेन्सिल? तीच. एकोणीस वर्षं जपून ठेवलीस की काय?

वेलियानं मला ते फोनवर वाचून दाखवलं. तीन वेळा वाचलं:

"या नावाची नोंद नाही. तरी हेतू स्पष्ट आहे. ग्राह्य. अध्यक्ष, व्हिंदिचे बार्गोस्सी."

मी स्वयंपाकघरात उभा राहून रडलो रे! मोठ्यानं! झाइरानं खिडकीतून विचारलं, "सरकार पडलं का काय?"

बरं, ऐक. हेही ओत्तोरिनोच गाडीतून आणून देतोय. परवा दहाला. शेवंती मी आणतो, पांढरी. वेलिया सकाळच्या गाडीनं येते, झेंड्याची गाडी नाही आणणार, म्हणाली बाबांना आवडलं नसतं. तुझं ताट मी फळीवरून काढून धुऊन ठेवलंय. बाबांनी उचलायला सांगितलं होतं, फोडायला नव्हतं सांगितलं.

आणि या वेळी सायप्रसखाली थांबायचं नाही. मी फाटकाशी उभा असेन, आणि चारच काय, लागतील तेवढी पावलं चालत येऊन तुला आत घेऊन जाईन.

तुझा धाकटा,
लेआर्को बार्गोस्सी, ऊर्फ ठिणगी